पूजेत बसलेला कीबोर्ड

लॅपटॉपचा कीबोर्ड किती वर्षं टिकतो, यावरून आमच्या घरात जेवढं भांडण झालं तेवढं चुलत्यांशी बांधावरूनही झालं नाही. मी चौथी शिकलेली बाई. त्या यंत्रातलं मला काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. पण ते भांडण जिना उतरून माझ्या स्वयंपाकघरात आलं, तेव्हा कळून घ्यावं लागलं.

आमचं गाव इस्लामपूरच्या अलीकडं, उसाच्या पट्ट्यात. माझे मालक फौजेतून निवृत्त होऊन आले, मुलगाही फौजेतच. दोघांनाही बोलता येत नाही, हुकूम देता येतात. मालक पेन्शनीत निघाल्यावर हुकूम द्यायला त्यांच्याकडं मीच उरले होते. मी ऐकत नाही, हे त्यांना माहीत आहे, तरी देतात.

सून सातारा जिल्ह्यातल्या औंधकडची. तो भाग कोरडा. लग्न ठरलं तेव्हा मालक म्हणाले होते, "दुष्काळी भागातली पोरगी हाय, पाणी तरी जपून वापरंल." तिच्या वडिलांसमोर म्हणाले. तिचे वडील हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत, तेव्हाच मला कळलं की ही माणसं लक्षात ठेवणारी आहेत. पोरगी साताऱ्याला कॉलेजात असताना वडिलांनी तिला लॅपटॉप घेऊन दिला होता. लग्नात भांडी, कपाट, फ्रिज आला, त्यातच तोही आला. आमच्याकडच्या बायकांनी फ्रिज उघडून पाहिला, कपाटाला हात लावून पाहिला. लॅपटॉपकडं कुणी पाहिलं नाही.

मला माझ्या सुनेचं कौतुक नाही. पहिलं वर्ष आम्ही एका स्वयंपाकघरात काढलं आणि त्या वर्षात माझं रक्त आटलं. ती आमटी पातळ करायची. भाकरी थापायची बरी, पण पीठ सांडायची. मी जिरं जिथं ठेवते तिथं मोहरी ठेवायची आणि विचारलं तर म्हणायची, "आत्या, हितं हात लवकर पोचतोय." माझा हात तिथं चाळीस वर्षं पोचत होता. एकदा तिनं माहेरची चटणी आणली आणि माझ्या बरणीत ओतली. आमच्याकडं वर्षाची चटणी उन्हाळ्यात करतात. मिरची कुठली, खोबरं किती, लसूण कधी, हे घराघराचं वेगळं असतं. बरणीत दुसऱ्या घरची चटणी ओतणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. मी ती अख्खी बरणी शेजारणीला देऊन टाकली आणि उन्हातान्हात नवी चटणी कांडली. त्यानंतर आम्ही दोघी महिनाभर भांड्यांच्या आवाजातच बोलत होतो.

मग तिला पुण्याच्या एका कंपनीचं काम मिळालं. घरी बसून करायचं. लोक वस्तू मागवतात, ती फुटकी निघते, नाहीतर पोचतच नाही. मग ते तक्रार लिहितात आणि माझी सून टाइप करून त्यांना उत्तर देते. दिवसभर अनोळखी माणसांची माफी मागते. आमच्या घरात तिनं कुणाची मागितल्याचं मला आठवत नाही. पण सकाळी चहा झाला की ती वरच्या खोलीत जायची, दुपारी जेवायला उतरायची, परत वर जायची. स्वयंपाकघर माझं मला मिळालं. मोहरी मोहरीच्या जागी गेली. आम्ही एकमेकींना दिवसातून दहा वाक्यं बोलत असू, त्यात वाईट एकही नसायचं. सासू-सुनेला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

एक गोष्ट मात्र मी पाहिली होती. ती वस्तू जपायची. उसाचं गाळप सुरू झालं की साखर कारखान्याच्या धुराड्यातून काळी काजळी उडते आणि आमच्या गावावर पडते. वाळत घातलेली धुणी, पापड, पाण्याचा पिंप, कशालाच ती सोडत नाही. खोलीची खिडकी लावून घेतली तरी आत येते. सून रोज काम संपलं की लॅपटॉप उलटा धरून हळू झटकायची आणि फाटकाला रंग दिला तेव्हाचा एक बारीक ब्रश तिनं धुऊन ठेवला होता, त्यानं बटणांच्या फटी झाडायची. वर कापड घालायची. चहाचा कप त्या टेबलावर कधी आणला नाही. काही बटणांवरची अक्षरं पुसून गेली होती. केर काढताना मी एकदा म्हणाले, "झिजलं की गं तुजं मशीन."

"वरचा रंग गेलाय, आत्या. बटण खणखणीत हाय."

मी केर पुढं लोटला. त्यापलीकडं मला त्याचं काही नव्हतं.

त्या वर्षी दसऱ्याला मुलगा सुट्टीवर आला होता. आल्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एकच होतं. बायकोनं काम सोडावं. कारण विचारलं की वेगवेगळं सांगायचा. कधी म्हणायचा तब्येतीला बरं नाही, कधी म्हणायचा गावात बरं दिसत नाही. खरं कारण मला ठाऊक होतं. तो दुपारी जिना चढून वर जायचा आणि ती हातानंच थांब म्हणायची. फौजेत त्याला शिपाई सलाम करतात. इथं बायको तळहात दाखवते. ते त्याला खपत नव्हतं.

ती म्हणायची, "सोडणार न्हाई."

तो म्हणायचा, "बघू."

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. ज्याचं ज्यावर पोट, त्यानं त्या दिवशी ते हत्यार वापरायचं नाही, धुऊन पुसून देवापुढं मांडायचं. कोयते, खुरपी, विळे, कुऱ्हाड, मोटारीचे पाने, औषध मारायचा पंप, सगळं मांडलं जातं. मालक दरवर्षी फौजेतला पट्टाही ठेवतात. त्या वर्षी सकाळी सून गावातल्या बायकांबरोबर देवीची ओटी भरायला गेली होती. मी चुलीपुढं कडाकण्या तळत होते. मालकांच्या मनात आलं, सुनेचं हत्यार राहिलं. ते वर गेले आणि लॅपटॉप खाली घेऊन आले.

तिथपर्यंत ठीक होतं. कापडात गुंडाळलेला तसाच ठेवला असता तर देव काही उठून गेला नसता. पण मालकांनी तो उघडला आणि बटणं वर करून कोयत्यांच्या शेजारी मांडला. मग ओल्या हळदी-कुंकवाची पाच बोटं ओढली, पट्ट्यावर ओढली तशी, खुरप्यावर ओढली तशी. अक्षता वाहिल्या. नारळ फोडला आणि त्याचं पाणी करवंटीतून घेऊन सगळ्या हत्यारांवर शिंपडलं. शिंपडलं म्हणजे आमच्या मालकांचं शिंपडणं. त्यांना थेंबभर काही जमत नाही.

सून आली, पायरीवर चप्पल काढली आणि तिला ते दिसलं. हातातलं ताट तिनं तसंच खाली ठेवलं.

"मामा, हे कुणी उघडलं?"

"मी. बंद डबड्याची पूजा करत्यात व्हय? हत्याराचं तोंड दिसाय पायजे."

"पाणी आत गेलंय."

"नारळाचं हाय. गटारीचं न्हाई."

"उलटं तरी करू द्या. पुसते आन् हाय तितं ठिवते."

मालकांनी हात आडवा केला. "पूजेत बसलेलं उद्याच्यापतूर हालवायचं न्हाई. आमच्यात चालत न्हाई. तुमच्या तिकडं चालत आसंल."

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो सोप्यात खुर्ची टाकून मोबाइल बघत होता. मान वर न करता म्हणाला, "ऱ्हाऊ दे की एक दिस. कोयता बसलाय का न्हाई गप?"

"कोयत्याच्या पोटात वायरी नसत्यात."

"आता सणाच्या दिवशी सुरू करू नगंस."

मी त्यात पडले नाही. तेल तापलं होतं. आणि खरं सांगायचं तर लोखंडाला पाणी लागलं तर पुसलं की झालं, एवढंच मला ठाऊक होतं. सून देवापुढं जाऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत तिथंच बसून होती. लोकांना वाटलं, काय भाविक सून आहे. ती मुंग्या बघत होती. नारळाचं पाणी गोड. तांबड्या मुंग्या बटणांच्या फटीतून आत जात होत्या, बाहेर येत होत्या. तिनं एकदा हात पुढं केला तर मालक खाकरले.

दसऱ्याला पूजा हलवल्यावर तिनं तो उचलला, पुसला, उन्हात उलटा धरला. कुंकू वाळून फटीत बसलं होतं. दुपारी चालू केला तर अर्धी बटणं दाबली जाईनात. एक बटण आपलं आपणच चाललं होतं. पडद्यावर एकच अक्षर ओळीमागून ओळ उमटत होतं. ती काही लिहायला गेली की मधे तेच.

"बिघडला," ती म्हणाली.

मालक सोनं वाटून आले होते. आपट्याची पानं खिशातून बाहेर आलेली. ते म्हणाले, "जुना झालता. जायाचाच हुता."

"किती जुना? माज्या बापानं घेतलाय, मला म्हाईत हाय."

"अक्षरं उडाली हुती सगळी. मी बघितलंय. आन् काजळी काय थोडी जाती त्यात? आमच्या पलटणीच्या हापिसात टाइपरायटर हुता. सायेब बदलले, टाइपरायटर बदलला न्हाई. आसली वस्तू बघून घ्याय लागती. बापानं सस्तातला बघितला आसंल."

"तुमच्या टाइपरायटरवर कुणी नारळ फोडलता का, मामा?"

सोप्यात सोनं द्यायला आलेले दोघे-तिघे पानं घेऊन उभे होते. ते लगेच निघाले. अशा वेळी निघून जायचं सगळ्यांना बरं कळतं, आणि मग वेशीत बसून सांगायचंही.

त्या दुपारपासून भांडणाला तोंड फुटलं. कीबोर्ड किती टिकतो? मालक म्हणत, दोन वर्षांत ही यंत्रं मोडतातच, ती विकणाऱ्यांची चाल आहे. मुलगा म्हणे, त्याच्या ओळखीच्या एकाचा तीन वर्षांत गेला, काहीही न सांडता. सून म्हणे, तिच्या मैत्रिणीचा कॉलेजपासून चालला आहे. दोघा बाप-लेकांना तो म्हातारा होऊन मेलेला पाहिजे होता. सुनेला तो मारलेला पाहिजे होता. कारण म्हातारा होऊन मेला म्हटलं की दोष तिच्या वडिलांच्या खरेदीचा, आणि मारला म्हटलं की आमच्या घराचा. पण ते वरवरचं. खाली दुसरंच होतं. एक दिवस मधे सोडून तिला सकाळी कामावर हजर व्हायचं होतं. दिवाळी जवळ आली की त्यांच्याकडं तक्रारींचा पूर येतो, त्या दिवसांत न सांगता गैरहजर राहिलं की कंपनी यादीतून नाव काढून टाकते. मुलाला ते माहीत होतं.

"काढू दे नाव," तो म्हणाला. "देवाच्याच मनात न्हाई. पूजेत बसला आन् बंद पडला. आनी काय पायजे तुला?"

ती माझ्याकडं स्वयंपाकघरात आली. रडत नव्हती. रडली असती तर मी तिला बाहेर काढलं असतं.

"आत्या, तुमच्या चटणीच्या बरणीत कुणी वला चमचा घातला तर काय करता तुमी?"

"हात मोडीन."

"मग?" एवढंच म्हणून ती वर गेली.

तेव्हा मला समजलं काय झालं होतं ते. समजलं म्हणून मी काही लगेच तिच्या बाजूनं उभी राहिले नाही. बाजू घेणं माझ्या स्वभावात नाही.

दुसऱ्या दिवशी मी उठून चुलीशी आले तर ती आधीच तिथं. पदर खोचलेला, केस वर बांधलेले. तिनं फडताळातले सगळे डबे खाली काढले होते आणि कागद बदलत होती. मी दारातच उभी राहिले.

"काय चाललंय?"

"आता मोकळीच हाय की मी, आत्या. म्हणलं, हितलं जरा नीट लावावं. लय आडचण हुती तुमची." तिनं माझ्या चटणीच्या बरणीचं झाकण काढून वास घेतला. "ही लय जाळ हाय वं. आमच्याकडची थोडी मागवते. दोनी मिसळूया."

ती खरंच तसं करणार होती की मला दाखवत होती, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही मी विचारलेलं नाही. मी तिच्या हातातली बरणी काढून घेतली आणि बाहेर आले. मुलगा दात घासत होता.

"गाडी काढ. इस्लामपूरला जायाचं."

"कशाला?"

"मशीन दावाय."

"आये, तुला काय करायचंय त्यात?"

"काढतुयास का शेजारच्याची सांगू?"

शेजारच्याची गाडी म्हणजे गावभर चर्चा. त्यानं गाडी काढली. मालक म्हणाले, "जावा, जावा. तोबी सांगंल जुना हाय म्हणून." ते आले नाहीत. जिथं उत्तर मिळायची शक्यता असते तिथं ते जात नाहीत.

दुकान स्टँडच्या मागच्या गल्लीत, एक माणूस आत बसून उघड्या यंत्रांकडं बघत होता. त्यानं लॅपटॉप उघडला, बटणांवरचं लाल बघितलं आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "काकू, निवद बी दावला का ह्याला?"

"निवद मुंग्यांनी खाल्ला," सून म्हणाली. तो हसला. आम्ही हसलो नाही म्हणून थांबला.

त्यानं मागचे स्क्रू काढले. आत पांढरट चिकट डाग, मेलेल्या मुंग्या, आणि कोपऱ्यात काजळी. मी म्हटलं, "काजळीनं गेलाय का?"

"काजळी कोरडी असती, काकू. हितल्या सगळ्याच मशिनीत असती. तिनं बटण जाम हुतंय, पण झाडलं की सुटतंय. ह्याच्यात पाणी गेलंय, गोड पाणी. चिकटलंय, आन् आतल्या पट्टीवर गंज चढाय लागलाय. लगेच उलटं करून सुकवलं असतं तर वाचला असता कदाचित. रातभर तसंच ठिवलं व्हय?"

मुलानं गाडीची किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

"मग किती दिवस चालायला पायजे असला कीबोर्ड?" मी विचारलं. मला हे एकदाचं मिटवायचं होतं.

"तसा नेम न्हाई. जपून वापरला तर चार-पाच वर्षं आरामात. माझ्याकडं एका मास्तरांचा येतोय, त्याला त्याच्याबी पुढं झाली. कॉलेजची पोरं वर बसून वडापाव खात्यात, त्यांचा वर्षात जातोय. झिजून जाणारे कमी, काकू. सांडून जाणारे जास्त." त्यानं दोन-चार बटणं दाबून पाहिली. "हे झिजलेलं न्हाई. खालचं रबर ताठ हाय अजून. वरची अक्षरं गेल्यात, पण तो नुसता रंग. काय झालं नसतं तर अजून दोन-तीन वर्षं बघाय लागलं नसतं."

सुनेनं नवऱ्याकडं पाहिलंही नाही. मुलगा दारातून बाहेर बघत होता.

"मग बदल," मी म्हणाले.

"तेच तर. ह्या जातीत कीबोर्ड सुटा निघत न्हाई. वरच्या पत्र्याला बारक्या खिळ्यांगत रिपिटांनी ठोकून बसवलेला असतोय. बदलायचं तर वरचा सगळा भाग बदलायचा. तो पुण्यासनं मागवायचा, आता दिवाळीची गर्दी. आठ दिस म्हणा, पंधरा म्हणा."

मला त्या यंत्राचाच संताप आला. खुरप्याची मूठ सैल झाली तर आम्ही मूठ बदलतो. खुरपं टाकत नाही. जात्याला टाकी लावून घेतो, नांगराचा फाळ बदलतो, मोटारीची वायंडिंग करून आणतो. दिवसभर जिच्यावर बोटं आपटायची ती वस्तू आधी जाणार, हे पोरालाही कळतं. तीच न निघेल अशी ठोकून बसवायची, म्हणजे ज्यानं बनवली त्याला ती मोडावी असंच वाटत असणार. शिकलेल्या माणसांनी केलं आहे म्हणून त्याला शहाणपण म्हणायचं, एवढंच.

मुलाला मात्र हेच पाहिजे होतं. तो वळला. "मग ऱ्हाऊ द्या. आठ-पंधरा दिस कुणाला टाइम हाय. बांधून द्या हाय तसा, घरी न्हेतो."

सून पुढं झाली. "थांबा. आतल्या कीबोर्डाची जोडणीची पट्टी काढून टाका. मग ते आपोआप उमटतंय ते बंद हुईल. चालू करायचं बटण वेगळं हाय, बाजूला. आन् मला भायेरनं जोडायचा एक द्या, वायरचा. त्यावर काम करते."

"हुतंय की," तो म्हणाला. पण हात हलवला नाही. मुलाकडं पाहत राहिला. त्या माणसानं आल्यापासून प्रत्येक गोष्ट सांगताना मुलाकडंच पाहिलं होतं. प्रश्न मी विचारला, यंत्र सुनेचं, पण मान डोलवायची ती पुरुषानं.

मुलगा म्हणाला, "नगं. ती काम सोडणार हाय."

"मी सोडणार न्हाई."

"मी काय म्हणतोय..."

"ऐकलंय मी. आल्यापास्नं ऐकतीया."

दुकानात आणखी एक गिऱ्हाईक होतं, ते मोबाइलच्या काचा बघत होतं, ते आता बघायचं थांबलं. मी त्या दुकानदाराला म्हणाले, "त्याच्याकडं काय बघतुयास? मशीन तिची हाय. काढ पट्टी."

"आये, तू गप बस. तुला कळत न्हाई ह्यातलं."

"मशिनीतलं न्हाई कळत. तू चार दिसांनी जाणार, ते कळतंय. हिला माझ्या उरावर बसवून जाणार, तेबी कळतंय. दिवसभर दोघीजणी एका चुलीपुढं. तू तिकडं सीमेवर, आन् लढाई हितं."

"आगं पण घरातली बाई घरात..."

"घरातच हाय की ती. माडीवर. मला ती खाली नगं हाय."

हे मी तिच्यासमोर म्हणाले. मागून बोलायची मला सवय नाही. सून माझ्याकडं वळली आणि सरळ बघून म्हणाली, "मलाबी तुमच्या चुलीपुढं ऱ्हायाचं न्हाई, आत्या."

"मग जमलं," मी म्हणाले. "काढ रं पट्टी."

त्यानं काढली. फितीसारखी बारीक पट्टी, नखाएवढी रुंद. तिच्यावरून आमच्या घरात दोन दिवस जेवणं बेचव झाली होती. मग त्यानं भिंतीवरचा एक लांबट काळा कीबोर्ड काढला, जोडला आणि सुनेपुढं सरकवला. तिनं उभ्या उभ्याच टाइप करून पाहिलं. आवाज मोठा होता, वाटाणे डब्यात पडावेत तसा. पण अक्षर मागितलं तेच येत होतं.

"दोन दे," मी म्हणाले.

"एक बास हाय, आत्या."

"दोन. आमच्या घरात आजून लय सण हायत."

तिनं मोबाइलवरून पैसे दिले. मुलगा केव्हाच बाहेर जाऊन गाडीत बसला होता. मी शेजारी बसले तेव्हा म्हणाला, "दुकानात लाज घालवलीस माझी."

"तुजी कुठली? बोलले तर मी. लाज जायची तर माझी जाईल, आन् मला ती लागत न्हाई."

"क्वार्टर मिळाली की न्हेतो तिला तिकडं."

"ने की. मिळंल तवा ने. तवर ती काम करंल."

"आन् तितंबी करणार," सून मागच्या सीटवरून म्हणाली. त्यानं गियर असा टाकला की गाडी कण्हली.

मालक सोप्यात वाटच बघत होते, पण बघत नसल्यासारखे. "काय म्हणला? जुनाच न्हवं?"

"जुना न्हवता. बुडवला म्हणला."

"कुणी?"

"तुमी."

"त्याला काय कळतंय? नवं खपवाय बसलाय त्यो तितं."

"नवं घेतलं न्हाई. आवं, लगेच पुसला असता तर वाचला असता म्हणला. ती पुसती म्हणत हुती, तुमी हात आडवा केला. सरळ हाय सगळं."

त्यांनी ते कबूल केलं नाही. कधी करणारही नाहीत. अजूनही कुणी विचारलं की सांगतात, सुनेच्या माहेरचा लॅपटॉप होता, लग्नानंतर दीड-दोन वर्षांत गेला. मी समोर असले तर मी सांगते कसा गेला ते. मग ते विषय बदलतात. त्या वेळी मात्र ते पाच-सहा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते दिवस मला बरे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून कामाला बसली. मुलगा दोनदा जिना चढला आणि दोनदा उतरला. नवा कीबोर्ड एवढा वाजायचा की ती आत कुठं अडली, कुठं भरभर सुटली, हे मला खाली चुलीपाशी कळायचं. पहिले दोन दिवस मला त्याचा वैताग आला. तिनं माझे आभार मानले नाहीत. मी वाट पाहत नव्हते. फडताळातला नवा कागद मात्र मी तसाच राहू दिला, चांगला होता म्हणून.

आठवड्यानं मुलगा ड्यूटीवर हजर झाला आणि तिकडून दुपारी माझ्या फोनवर त्याचा फोन आला. तिचा लागत नव्हता. कामाच्या वेळी ती बंद ठेवते.

"तिला दे फोन."

"काम करतीया."

"पाच मिनटं दे. मी नवरा हाय तिचा."

"हायस की. संध्याकाळी कर."

"आये, तू तिच्या बाजूला गेलीस."

"मी कुणाच्या बाजूला न्हाई गेले. मी माज्या चुलीपशी हाय."

तिकडं वारा सुटला होता, फोनमध्ये घुंघुं आवाज येत होता. मग तो म्हणाला, "त्यो तारेचा किती दिस चालतोय बघू की."

"गेला तर दुसरा हाय. आन् त्योबी गेला तर इस्लामपूर काय लांब न्हाई. तू नसलास तर एस्टी हाय."

वर बटणं वाजत होती. त्यालाही ती ऐकू गेली असावीत. मी फोन खांद्यानं कानाशी धरून तव्यावरची भाकरी उलटली. थोड्या वेळानं त्यानंच फोन ठेवला.